धार लावलेलं वाक्य

सायबर सेलमधून फोन आला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आत कुठेतरी आनंदच झाला.

फोनवरच्या बाई हिंदीत म्हणाल्या की माझ्या नावावरच्या इंटरनेट कनेक्शनवरून एका निनावी अकाउंटवर मजकूर टाकला गेलाय, तक्रार आलीय, येऊन भेटा. मी लगेच ठरवून टाकलं की हे माझ्या लेखाबद्दल असणार. काही महिन्यांपूर्वी मी एका छोट्या मराठी अंकात लिहिलं होतं की निनावी बोलण्याचा हक्क हा दुबळ्यांचा शेवटचा आडोसा आहे आणि सरकारने त्याला हात लावू नये. तो लेख निनावी नव्हता. माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. इंदुरातल्या कुठल्या पोलिसाने तो वाचला असेल असं समजायला काही आधारही नव्हता. तरी ऑफिसातून सुट्टी घेऊन स्कूटरवरून जाताना मी मनात भाषण जुळवत होते. मी कोणाचंही नाव सांगणार नाही, हे त्यातलं मुख्य वाक्य होतं.

आमच्या घरात भाषणं आणि पत्रकं यांची कमतरता कधीच नव्हती. पणजोबा महूच्या छावणीत फौजेत होते, आजोबा तिथेच कारकून, पप्पा इंदूरच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झाले. तिघांनीही पत्रकं काढली. नळासाठी, शिष्यवृत्तीसाठी, विहाराच्या जागेसाठी, जयंतीसाठी. बाकीच्या मुली गोष्टींच्या पुस्तकांवर वाढल्या असतील, मी ‘जाहीर सवाल’ वाचत वाढले. पप्पा मजकूर लिहायचे, मी शुद्धलेखन बघायचे, मम्मी मागच्या बाजूसाठी हिंदी करायची, कारण आमच्याकडच्या पोरांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. तळाशी पप्पांचं नाव, घराचा पत्ता आणि छापखाना. ते कायद्यानेच लागतं, पण पप्पांना कायद्याची गरज नव्हती. ते म्हणायचे, “खाली नाव नसेल तर ते पत्रक नाही. ती भिंतीवर केलेली घाण आहे.”

दुसरा नियम मजकुराचा होता. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘ऐकलंय’ असले शब्द दिसले की ते रेघ मारायचे. “बेटा, खात्री नसेल तर लिहू नको. खात्री असेल तर मग शेपूट घालू नको.” या दोन वाक्यांतलं दुसरंच मी मन लावून शिकले, हे मला आता कळतंय.

सायबर सेलमध्ये पंखा चालू होता आणि सबइन्स्पेक्टर बाई स्वेटर घालून त्याच्याखाली बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, “मैडम, पहले मैं ये साफ कर दूं कि अभिव्यक्ति का अधिकार...”

“वाई-फाई आपके नाम का है?”

“है, लेकिन...”

“तो बैठिए. भाषण बाद में कर लेना, मैं भी सुनूंगी.”

शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसला. मी बसले. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “मराठी है. हमारे यहां एक स्टाफ वाले भिया थोड़ा-बहुत पढ़ लेते हैं, उन्हीं से पढ़वाया. आप तो पूरा समझ लोगी.”

अकाउंटचं नाव होतं ‘एक जागृत नागरिक’. फोटो आमच्या विहाराच्या हॉलचा. फळ्यापुढे तिथे रविवारी शिकवणाऱ्या ताई उभ्या होत्या, हातात खडू, चेहरा अर्धा मुलांकडे. फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. त्या शिकवतात त्या कॉलेजचं नाव आणि विभाग. आणि मग मजकूर: एक सुशिक्षित महिला रविवारी आपल्या समाजाच्या मुलांना शिकवते आणि सोमवारी कॉलेजात आपलं आडनाव लपवते. नोकरी मिळवताना त्यांनी आपली जात खोटी सांगितली. ज्यांना पूर्वजांची लाज वाटते त्यांनी आमच्या मुलांना काय शिकवावं? समाजाने विचार करावा.

इंदुरात असं मराठी किती जण लिहितात? मजकूर कोणाचा ते मी वाचतावाचताच ओळखलं. ‘समाजाने विचार करावा’ हे पप्पांच्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य होतं. पण माझी नजर अडली ती त्या वाक्यावर नाही. ‘नोकरी मिळवताना त्यांनी आपली जात खोटी सांगितली’, हे वाक्य मी केलं होतं.

ताईंबद्दल सांगायला हवं. त्या विदर्भातून इंदूरला नोकरीसाठी आलेल्या. शहराबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या आणि जुनी इंदूरमध्ये भाड्याच्या खोलीत राहायच्या. विहारात त्या स्वतःहून आल्या आणि रविवारी गणिताचा वर्ग घेऊ लागल्या. पप्पा खूश होते. “अशी शिकलेली पोरगी आपल्याकडे, बघ,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मग जयंतीचं पत्रक निघालं आणि पप्पांनी त्यात प्रमुख वक्त्या म्हणून ताईंचं पूर्ण नाव छापलं. विचारायचं त्यांना सुचलंच नाही. नाव छापून येणं म्हणजे मान, असंच आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं.

गठ्ठे घरी आले त्या संध्याकाळी ताई आल्या. त्या म्हणाल्या, “काका, आडनाव नका ना ठेवू. कॉलेजात मी ते लावत नाही. वडिलांचंच नाव लावते.”

पप्पांना आधी वाटलं त्या मस्करी करतायत. मग त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली. पत्रकं परत छापायला वेळ नव्हता, म्हणून आम्ही तिघं जमिनीवर बसून स्केचपेनने एकेका पत्रकावरचं आडनाव काळं करत राहिलो. मम्मी म्हणाली, “जाऊ द्या, असेल काहीतरी तिची मजबुरी.” पप्पा म्हणाले, “मजबुरी आमच्या आजोबांना होती. हिला पगार आहे.” त्यांची बोटं काळी झाली होती. जयंतीला ताई बोलल्या, छान बोलल्या. पप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, मी ऑफिसात जेवत असताना, पप्पांचा मेसेज आला. ‘जरा शुद्धलेखन बघ.’ मजकुरात नाव नव्हतं, फोटो नव्हता, फक्त ‘एक सुशिक्षित महिला’. पप्पांनी लिहिलं होतं: ‘असे ऐकण्यात आले आहे की नोकरी मिळवताना त्यांनी आपली जात वेगळी सांगितली असावी.’ मला वाटलं वाक्य लुळं पडलंय. मी ‘असे ऐकण्यात आले आहे की’ काढलं. ‘असावी’ काढलं. ‘वेगळी’च्या जागी ‘खोटी’ घातलं. एका हातात पोळीचा घास होता, दुसऱ्या हाताने टाइप करत होते. पप्पांचं उत्तर आलं, ‘वा! आता धार आली.’ आणि मला बरं वाटलं.

मला असं सांगता आलं तर फार सोपं होईल की ती महिला कोण हे मला कळलं नव्हतं. मला वाटलं होतं पत्रक सर्वसाधारण आहे, आडनाव लपवण्याच्या वृत्तीबद्दल. पण आमच्या विहारात रविवारी शिकवणारी बाई एकच होती. मी तो विचार आला तसा जाऊ दिला, कारण वाक्य चांगलं झालं होतं.

“पहचाना?” सबइन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

“घर में बात करके बताती हूं,” मी म्हणाले. जुळवून आणलेलं एकही वाक्य माझ्या कामाला आलं नाही.

त्या म्हणाल्या, “कर लो बात. लेकिन जल्दी. उनकी नौकरी पक्की होनी थी, रुक गई है. कॉलेज में किसी ने यही दिखा दिया. जांच बैठी है कि झूठी जानकारी दी कि नहीं. अब वो बेचारी कैसे साबित करे कि जो बोला ही नहीं, वो नहीं बोला?”

घरी पप्पा आणि मम्मी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं.

“पप्पा, ‘एक जागृत नागरिक’ कोण आहे?”

त्यांनी शेंग फोडली. “आहे कोणीतरी. लिहितो चांगलं.”

“त्याचं चांगलं लिहिलेलं पोलिसांनी पण वाचलंय.”

मम्मीचे हात थांबले. पप्पांनी दाणे पातेल्यात टाकले, साल बाजूला ठेवलं, सगळं नेहमीच्या पद्धतीने. मग म्हणाले, “नाव टाकलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला पत्रकं काळी करायला लावली म्हणून चिडलाय.”

“मग? चिडलाच होतात ना?”

“मुद्दा खरा होता. माणूस बघितला की लोक मुद्दा बघत नाहीत. आणि तूच लिहिलंस ना की निनावी बोलणं हा हक्क आहे? मी विहारात वाचून दाखवला तुझा लेख. सगळ्यांना चहा पाजला.”

“दुबळ्यांचा हक्क, पप्पा. दुबळ्यांचा.”

“मग मी काय कलेक्टर आहे?”

“त्या पोरीपुढे तुम्ही कलेक्टरच,” मम्मी म्हणाली. ती इतक्या शांतपणे म्हणाली की आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. “तुमच्या मागे अख्खा मोहल्ला आहे. तिच्या मागे कोण आहे? खोलीचा मालक?”

मी त्यांना कॉलेजातल्या चौकशीचं सांगितलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात होतं की विहाराचे लोक वाचतील, ताईंना चार शब्द सुनावतील, आणि त्या लाजून आडनाव लावायला लागतील. त्यांच्या आयुष्यात पत्रक कधी मोहल्ल्याच्या पलीकडे गेलंच नव्हतं. हातात गठ्ठा घेऊन जितकं चालता येतं तितकीच त्याची पोच. कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत जाईल हे त्यांना सुचलं नव्हतं. पण मग कॉलेजचं नाव कशाला टाकलंत, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

शेवटी ते उठले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “ती लाइन तुझी आहे हे कोणाला माहीत नाही. चॅट उडवून टाक. मी सांगतो, सगळं मीच लिहिलं. माझं काय, रिटायर माणूस. तुझी नोकरी आहे, लिहिणं आहे.”

माझ्या बापाने मला वाचवायला पुढे केलेला तो हात होता आणि मी तो लगेच झटकला नाही. मी खाली जाऊन चॅट उघडलं. डिलीट करायचा पर्याय समोर आला होता. मी थांबले ते तत्त्वासाठी नाही. पोलिसांना उडवलेलं पण सापडत असेल, या भीतीने थांबले. तत्त्व मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंच्या खोलीवर गेलो. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात घडी करून एक कागद ठेवला होता. त्यांनी सकाळपासून बसून लिहिलेला. वर ठळक अक्षरांत ‘जाहीर माफी’.

ताईंनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. एका खुर्चीवर पप्पा बसले, मी उंबऱ्यापाशीच उभी राहिले. खोलीत एका भिंतीला मुलांच्या गणिताच्या वह्या लावून ठेवल्या होत्या, तपासायच्या राहिलेल्या. पप्पा काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “तुम्हीच असणार हे मला माहीत होतं, काका. पोलिसांनी कनेक्शन कोणाचं ते सांगायच्या आधीपासून.”

पप्पांनी कागद काढला. “मी हे छापतो. माझ्या नावाने. पूर्ण शहरात वाटतो. मोहल्ल्याच्या चौकात उभा राहून वाचतो.”

ताईंनी कागद घेतला, वाचला. पहिल्याच ओळीत त्यांचं नाव होतं, पूर्ण. त्यांनी घडी करून तो परत दिला.

“नको, काका.”

“अगं बेटा, मला माझी चूक...”

“माझ्यावर आणखी एक पत्रक नको. माफीचंही नको.” त्यांचा आवाज वर गेला नव्हता. “आधीच्या नोकरीत मी आडनाव लावायचे. ते कळल्यावर डबा खायला बसायची टेबलं बदलली. मी भांडले, तक्रार केली, सगळं केलं. थकले. इथं येताना ठरवलं की थोडे दिवस नुसतं शिकवायचं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं मी एक अक्षर बोलले नाही. एवढं जरी तुम्ही मला येऊन विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं. तुम्हाला तर नक्कीच सांगितलं असतं.”

पप्पा रडू लागले. मी त्यांना आधी रडताना बघितलं नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याच्या घरात नाही. ताईंनी त्यांना रडू दिलं आणि मग कामाचं सांगितलं, एखाद्या विद्यार्थ्याला गृहपाठ सांगावा तसं. “पोलिसांसमोर स्वतःच्या नावाने लिहून द्या की मी जात खोटी सांगितली असं म्हणायला तुमच्याकडे काहीही आधार नव्हता. त्याची प्रत मी कॉलेजात देईन. चौकशी तिथे थांबेल. बाकीचं आता थांबणार नाही, जे कळायचं ते सगळ्यांना कळलंय. पण नोकरी तरी राहील. पोस्ट मात्र आजच काढा.”

जिन्यातच उभं राहून पप्पांनी पोस्ट माझ्याकडून डिलीट करून घेतली. त्यांना कशी काढायची हे माहीत नव्हतं.

जबाबाच्या दिवशी ताई प्रत घ्यायला तिथेच बाकावर बसून होत्या. पप्पांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, पत्ता सगळं ठणठणीत आवाजात सांगितलं. हो, अकाउंट माझं. हो, फोटो मी टाकला. हो, कॉलेजचं नाव मीच लिहिलं. पुढे काय कलमं लागतील ते कोर्ट बघेल, मला मान्य आहे. सबइन्स्पेक्टर बाई टाइप करत होत्या. मग त्या थांबल्या.

“बाऊजी, ये ‘जाति झूठी बताई’ वाली बात. ये किस आधार पर लिखी?”

“सुना था.”

“किससे?”

“ऐसे ही. लोग बोल रहे थे.”

“पर इसमें ‘सुना है’ तो कहीं लिखा नहीं. सीधा लिखा है कि बताई. इसी एक लाइन पर तो पूरी जांच बैठी है.”

पप्पा टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, “मेरे से रह गया.”

ते खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि ते माझ्यासाठी होतं. मला गप्प बसायचं होतं. पप्पांचं नाव कागदावर यायचं, प्रत ताईंना मिळायची, चौकशी थांबायची, सगळ्यांचं काम होत होतं. पण ‘रह गया’ असं छापून कॉलेजच्या टेबलावर गेलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की म्हातारा विसरला की लपवतोय. ताईंना स्वच्छ कागद हवा होता.

“रहा नहीं था,” मी म्हणाले. “पापा ने लिखा था ‘सुना है’. मैंने काटा. ‘झूठी’ शब्द भी मेरा है.” आणि फोन उघडून चॅट त्यांच्यापुढे ठेवलं.

पप्पा म्हणाले, “ती फक्त शुद्धलेखन बघते, मैडम. बच्ची है.” मराठी-हिंदी सगळं एकत्र. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी फोन हातात घेतला, मराठी वाचणाऱ्या त्या भियांना बोलावून घेतलं, त्यांनी दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली, आधीचं आणि नंतरचं. ते नंतरचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते किती सोपं, किती गुळगुळीत वाटलं ते मी सांगू शकत नाही. अडखळायला त्यात काही ठेवलंच नव्हतं मी.

“आपका भी बयान होगा फिर,” बाई म्हणाल्या. “नाम बताइए.”

मी सांगितलं. टाइप होत असताना बाकावरून ताई उठून आल्या.

“ते वाक्य तुमचं?”

मी हो म्हणाले.

“मला वाटत होतं काकांचं आहे. त्यांचा राग मला कळत होता. पत्रकं काळी करायला लावली होती मी.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. “तुमचा कसला राग होता माझ्यावर?”

पप्पा माझ्याकडे बघत होते. सबइन्स्पेक्टर बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांचीही बोटं थांबली होती.

काहीतरी मोठं सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. चळवळ, पूर्वज, ओळख, काहीही. त्या घरात वाढलेल्या मला ते शब्द यायला हवे होते.

“राग नव्हता, ताई,” मी म्हणाले. “वाक्य ढिलं वाटलं होतं.”

त्या वळल्या. टेबलाशी जाऊन त्यांनी विचारलं की दोन्ही जबाबांच्या प्रती मिळायला किती वेळ लागेल, कॉलेजचं ऑफिस लवकर बंद होतं. बाई म्हणाल्या, बैठिए, अभी देते हैं. ताई जाऊन बसल्या. बाकावर तेवढीच जागा होती, आणि आम्ही बाप-लेक उभे राहून आमच्या पाळीची वाट बघत राहिलो.